पान ११२च्या पुढे जाता येत नाहीये

मागचा बाक
रविवार, रात्री ११:४२

एरवी मी इथे वाचनमात्र असते. आज लिहितेय, कारण हे जवळच्या कुणाला सांगायला गेलं की माझ्या तिसऱ्या वाक्यालाच उपाय सुरू होतात. बाहेर पड, नवीन लोकांना भेट, काहीतरी शीक. त्यांची माया कळते मला, पण माझं चौथं वाक्य तसंच राहून जातं. इथे निदान ते लिहून तरी होईल. विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

आठ महिन्यांपूर्वी आमचं तुटलं. साडेतीन वर्षं सोबत होतो. भांडण नाही, फसवणूक नाही, तिसरं कुणी नाही. एका संध्याकाळी तो म्हणाला की त्याला आता पूर्वीसारखं वाटत नाही. हे त्याने इतक्या शांतपणे, इतकं जपून सांगितलं की मला रागवायलाही जागा ठेवली नाही. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं असं हल्ली वाटतं.

आमच्यात सगळ्यात जास्त काही होतं तर ते वाचन. एकच पुस्तक, दोन प्रती, रोज रात्री एक प्रकरण आणि मग फोन. तो झपाझप वाचायचा. मी लहानपणापासून हळू. आवडलेल्या वाक्यापाशी थांबते, मागे जाऊन ते पुन्हा वाचते, वाचताना ओठ हलतात. त्याचं प्रकरण संपलं की मेसेज यायचा, "झालं?" त्यात घाई नसायची, खरंच नसायची. घाई मी करायचे. हळूहळू मी वर्णनं गाळायला लागले. अवतरणचिन्हं दिसली की तिथे थांबायचं, मधल्या परिच्छेदांवरून उडी. मग फोनवर तो एखाद्या जागेबद्दल भरभरून बोलायचा आणि मी "हो ना, किती सुंदर" म्हणायचे. ती जागा मी वाचलेलीच नसायची. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. इथे पहिल्यांदाच सांगतेय.

शेवटचं पुस्तक जाडजूड होतं. ज्या संध्याकाळी तो बोलला, त्याच्या आदल्या रात्री आम्ही पान ११२ पर्यंत आलो होतो. खूण अजून तिथेच आहे. त्याने पुढचं वाचून संपवलं असेल का, हा प्रश्न दिवसातून एकदा तरी पडतो, आणि तो पडला की बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त लागतो.

आता मला वाचताच येत नाही. हे पुस्तक सोडाच, कुठलंच. डोळे ओळींवरून जातात, पान उलटलं जातं आणि मग लक्षात येतं की एक शब्दही आत गेलेला नाही. पुन्हा पान सुरू करते, पुन्हा तेच. वाचते ते फक्त जुने मेसेज. शेवटच्या दोन महिन्यांतले जवळजवळ पाठ आहेत. तो आधी "बरं" असं लिहायचा, नुसतं. शेवटी शेवटी "बरं." असं लिहायला लागला, पूर्णविराम देऊन. तो पहिला पूर्णविराम नेमका कोणत्या दिवशी आला, हे शोधण्यात मी एक सबंध रात्र घालवली आहे. सापडला. एका मंगळवारी. त्या मंगळवारी काय झालं होतं ते काही केल्या आठवत नाही.

बाकी दिवस चालू आहेत. काम करते, लोकांत बसते. पण चार जण बोलत असतात, कुणीतरी काही म्हणतं, सगळे हसतात आणि मी क्षणभर उशिरा हसते. तो क्षण इतरांना जाणवत नसेल, मला जाणवतो. सगळ्यांची पावलं एका तालावर पडताहेत आणि माझं दर वेळी मधेच पडतंय, असं.

विचारायचंय ते एवढंच: कुणाचं वाचन असं बंद पडलं होतं का? आणि परत आलं असेल तर कसं?


उंबरठ्यावर
सोमवार, सकाळी ७:१५

माझं पडलं होतं. घटस्फोटानंतर सुमारे दीड वर्ष. त्याआधी महिन्याला तीनचार पुस्तकं सहज व्हायची.

पुस्तकं वाटून घेतली तेव्हा भांडण झालं नाही, दोघांनीही फार समजूतदारपणा दाखवला. ती तिची घेऊन गेली. त्या रात्री कपाट पाहिलं तर उरलेली पुस्तकं कलंडली होती. जिथे जिथे तिचं एक पुस्तक गेलं तिथे माझं शेजारचं पुस्तक त्या मोकळ्या जागेत तिरकं झालं होतं. सरळ करून ठेवायला मला पाच मिनिटं लागली असती. मी ती वर्षभर तशीच ठेवली.

वाचन परत आलं ते कादंबरीने नाही, कवितेने तर नाहीच. झाडांचा एक जुना कोश होता. एक नोंद दहाबारा ओळींची. पानांचा आकार, फुलं कधी येतात, लाकूड कशाला वापरतात. त्यात कुणी कुणाला सोडून जात नाही. रात्री झोपण्याआधी एक नोंद वाचायचो, कधी दोन. मग एका रात्री सात वाचून झाल्या आणि कळलंही नाही. माणसं असलेलं काही वाचायला त्यानंतर आणखी सहाएक महिने लागले.

तुमचा पूर्णविराम वाचून मात्र आत काहीतरी हललं. माझ्याकडेही असा एक आहे. तो लिहिणार नाही, पण आहे.


थेट
सोमवार, सकाळी ९:०२

सहानुभूती आहेच, पण मला वाटतं ते स्पष्ट लिहितो. मेसेज डिलीट करा. आजच. तुम्ही वाचत नाही असं म्हणताय, पण तुम्ही रोज वाचताय, तोच एक मजकूर आणि त्यातून तोच एक अर्थ काढायला. दुसऱ्या कशाला जागा कुठून उरणार? जखमेची खपली रोज काढायची आणि भरत का नाही म्हणायचं, असं होतंय. हे वाचून राग आला तरी चालेल. माझ्यावर ही वेळ आली होती तेव्हा मला कुणी हे सांगितलं नाही.


निशाचर
सोमवार, दुपारी १:३०

@थेट, तुमचा हेतू कळतो, पण इथे असहमत. मी डिलीट केले होते, सगळे एका फटक्यात. पहिले दोन दिवस हलकं वाटलं. मग आठवण स्वतःच मेसेज लिहायला लागली, आणि तिने लिहिलेले खऱ्यापेक्षा वाईट होते. "तू मला कधीच कळली नाहीस" असं त्याने लिहिलं होतं अशी माझी पक्की खात्री होती. पुढे एका मैत्रिणीकडे मी तेव्हा पाठवलेला स्क्रीनशॉट निघाला. त्याने लिहिलं होतं, "मला तू कधी कधी कळत नाहीस." या दोन वाक्यांमध्ये किती अंतर आहे! तोपर्यंत सहा महिने मी पहिल्या वाक्याबरोबर काढले होते.

तेव्हा डिलीट करू नका. कुणा विश्वासाच्या माणसाकडे ठेवायला देता आले तर बघा. आपल्या हाताशी नकोत, पण कुठेतरी असूदेत.


थेट
सोमवार, दुपारी २:१०

@निशाचर, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. "आजच" मागे घेतो. खपलीचं म्हणणं मात्र कायम ठेवतो.


चष्मा
सोमवार, रात्री १०:२०

धागा सकाळपासून मनात घोळतोय. मी काही वर्षं वाचन आणि डोळ्यांच्या हालचाली या विषयाच्या आसपास काम केलं आहे. मूळ पोस्टमधल्या दोन गोष्टींबद्दल मला सविस्तर लिहावंसं वाटतं.

पहिली, "मागे जाऊन पुन्हा वाचते" ही. आपल्याला वाटतं की डोळा ओळीवरून सरकत जातो. तसं नसतं. डोळा उड्या मारतो. एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग पुढच्या जागी उडी. उडी चालू असताना जवळजवळ काहीच दिसत नाही, जे काही वाचून होतं ते त्या थांब्यांमध्ये. आणि या सगळ्या उड्या पुढे जात नाहीत. इंग्रजी वाचणाऱ्यांवर यातलं बरंचसं काम झालं आहे. त्यात असं दिसतं की सराईत प्रौढ वाचकांच्याही साधारण १० ते १५ टक्के उड्या मागे जातात, आधीच वाचलेल्या मजकुराकडे. मजकूर कठीण असेल तर जास्तच. वाक्याचा अर्थ पुढे जाऊन बदलला, शब्द निसटला, काहीतरी जुळलं नाही की डोळा परत जातो, बहुतेक वेळा आपल्या नकळत. एका वेळी एकच शब्द पडद्यावर दाखवून मागे जायची सोय काढून घेतली की वाचन वेगाने होतं, पण समज घसरते, असंही प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा मागे जाणं हा वाचनातला दोष नाही, वाचनाचाच एक भाग आहे. ज्यांनी लहानपणी तुम्हाला "ओठ न हलवता वाच, बोट न ठेवता वाच" असं सांगितलं असेल, त्यांना फक्त वेग दिसत होता.

दुसरी, "डोळे जातात, शब्द आत जात नाही" ही. यावर एरिक रायकल आणि सहकाऱ्यांचा २०१० सालचा एक प्रयोग आहे. लोक एक आख्खी कादंबरी पडद्यावर वाचत होते आणि डोळ्यांच्या हालचालींची नोंद होत होती. मन भरकटलं असं लक्षात आलं की त्यांनी बटण दाबायचं, शिवाय मधून मधून त्यांना विचारलंही जायचं. मन मजकुरात असतं तेव्हा डोळा नेहमीच्या शब्दावर कमी थांबतो, अनोळखी शब्दावर जास्त. मन भरकटलेलं असताना हा फरक पुसट झाला. थांबे लांबले, पण शब्द कोणता आहे याच्याशी त्यांचं नातं सैल झालं. म्हणजे डोळा चालत राहतो, पण समोर काय आहे यावर चाल बदलत नाही.

मला हे वाचताना तुमचं उशिरा हसणं आठवलं. तोही असाच प्रकार असावा. तुम्ही तिथे आहात, पाऊल पडतंय, पण समोरच्या गोष्टीने ते हलत नाहीये. हा माझा अंदाज, प्रयोगात असं काही नाही.

आणि एक. जुन्या मेसेजवर मात्र तुमचा डोळा पूर्ण जागा आहे. एका पूर्णविरामावर थांबतोय! इतकं बारीक वाचणाऱ्या माणसाला वाचता येत नाही असं कसं म्हणायचं?


अर्धविराम
मंगळवार, सकाळी ८:४५

@चष्मा, फार सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

जोडीला माझं थोडं. मला त्या काळात खरंच दुखायचं, छातीत, हातात. घरचे म्हणायचे मनाचे खेळ आहेत. नंतर वाचनात आलं की ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ साली नुकतंच नातं तुटलेल्या ४० जणांचं मेंदूचं स्कॅनिंग केलं होतं. त्यांना सोडून गेलेल्या माणसाचा फोटो दाखवला, आणि वेगळ्या वेळी हाताला चटका बसेल अशी उष्णता दिली. शारीरिक वेदना नोंदवणारे मेंदूचे काही भाग दोन्ही वेळा जागे झाले. ते वाचून मी रडले होते. कुणीतरी माझं म्हणणं खरं मानलं म्हणून.


चष्मा
मंगळवार, सकाळी ९:३०

@अर्धविराम, तुमचं दुखणं खरंच होतं, त्याला स्कॅनची साक्ष लागू नये. एक भर घालतो, कारण ही गोष्ट फार वेळा अर्धीच सांगितली जाते. २०१४ मध्ये असाच प्रयोग दुसऱ्या पद्धतीने तपासला गेला. भाग तेच जागे होत असले तरी त्या भागांतल्या हालचालीचा नमुना दोन वेदनांसाठी वेगवेगळा निघाला. म्हणजे विरहाची वेदना ही चटक्याची नक्कल नाही. ती तिची स्वतःची वेगळी वेदना आहे. मला तर हे जास्त बरोबर वाटतं.


पांढरा कोट
मंगळवार, दुपारी ३:५०

छातीत दुखण्याचा उल्लेख आला म्हणून लिहिते, नाहीतर या धाग्यावर नुसती वाचत बसले असते.

मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता नीट आकुंचन पावत नाही अशी एक अवस्था आहे. तिचं वर्णन पहिल्यांदा १९९० च्या सुमारास जपानमध्ये झालं. त्या वेळी कप्प्याचा आकार ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, अरुंद तोंड आणि फुगीर तळ, म्हणून त्या मडक्याचं नाव दिलं: ताकोत्सुबो. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये जास्त आढळते. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, पण गुंतागुंत होऊ शकते. लक्षणं हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात. तपासण्या केल्याशिवाय दोन्हींतला फरक डॉक्टरलाही सांगता येत नाही. तेव्हा "मनालाच लागलंय, म्हणून दुखतंय" असं म्हणून छातीतलं दुखणं कुणीही अंगावर काढू नका. न स्वतःचं, न दुसऱ्याचं.

एवढंच. मूळ विषय चालू ठेवा.


लंबक
मंगळवार, रात्री ९:२५

मागचा बाक, वयाने बराच मोठा आहे म्हणून एकेरीत लिहितो, रागावू नकोस.

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. तुझं "माझं पाऊल मधेच पडतंय" हे वाचलं आणि वर्गात दर वर्षी सांगायचो ती गोष्ट आठवली. १६६५ साली ख्रिश्चन हायगेन्स आजारी पडून अंथरुणावर होता. लंबकाचं घड्याळ ज्याने बनवलं तो. खोलीत त्याची दोन घड्याळं एकाच आधारावर टांगलेली होती. पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की दोन्ही लंबक एका लयीत झुलताहेत, फक्त उलट दिशांना. एक डावीकडे तर दुसरा उजवीकडे. मुद्दाम लय मोडली तरी अर्ध्याएक तासात पुन्हा जुळायची. घड्याळं एकमेकांपासून दूर नेली की सुटायची. कारण पुढे कळलं: प्रत्येक लंबकाचा बारीकसा हादरा त्या सामाईक आधारातून दुसऱ्यापर्यंत पोचत होता.

मुलांना मी पुढचा प्रश्न विचारायचो, दूर नेल्यावर त्यांतलं कोणतं घड्याळ बिघडलं? निम्मा वर्ग एकाचं नाव घ्यायचा, निम्मा दुसऱ्याचं. कुठलंच नाही. प्रत्येक जण आपापल्या चालीने चालायला लागलं. ती चाल आधीही त्याचीच होती.

माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. एकतीस वर्षांचा संसार. शेवटच्या काळात ती रात्री नऊला औषध घेऊन झोपायची, म्हणून मी नऊला रेडिओचा आवाज कमी करायचो. अजून करतो. आता नऊ वाजून गेले आहेत आणि हे लिहिताना रेडिओ मंदच आहे. तू आठ महिन्यांत स्वतःच्या तालाला यायला हवं होतंस असं तुला वाटत असेल, तर मी काय म्हणू?

तू तुझ्या हळू वाचण्याबद्दल चुकीची कबुली दिल्यासारखं लिहिलं आहेस. मला वाटतं ती तुझी चाल आहे. गाळून वाचणं ही त्या आधारातून आलेली होती.


निशाचर
मंगळवार, रात्री ११:५५

@लंबक, सर, काही बोलायला सुचत नाही. नमस्कार.

थोडं वेगळ्या बाजूने लिहिते. ताल न जुळणं हे माझ्या बाबतीत ब्रेकअपने आलं नाही, ते आधीपासूनच आहे. शाळेत मधल्या सुट्टीत सगळे मैदानावर आणि मी वर्गात पुस्तक घेऊन. लोक म्हणायचे वाचनाची आवड आहे. आवड होतीच. पण पुस्तक हातात असलं की कुणी "तू एकटी का बसलीस" असं विचारत नाही, हेही मला सातव्या वर्षी कळलेलं होतं. पुस्तक म्हणजे एकटं बसायचा परवाना. म्हणून वाचन सुटलं तेव्हा मला तुमच्यापेक्षा वेगळी भीती वाटली होती. आता एकटी बसले तर लोकांना दिसेल, अशी.

आणि खरं सांगू का, ते सहा महिने वाईट होते, पण त्यातच मी पहिल्यांदा पुस्तकाशिवाय लोकांत बसायला शिकले. वाचन परत आलं तेव्हा ते आडोसा म्हणून आलं नाही. मला ते आता जास्त आवडतं. वाचन परत यायलाच हवं, लवकर यायला हवं, असा ताण घेऊ नका एवढंच म्हणायचंय.


रोजनिशी
बुधवार, सकाळी ६:४०

उशिरा येतेय. कुणीतरी "मनातलं लिहून काढ" हा सल्ला देईलच म्हणून आधीच लिहिते.

या सल्ल्याला आधार आहे. जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं आयुष्यातल्या धक्क्याबद्दल लिहायला लावलं होतं. लिहिताना त्यांना वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांतले काही जण इतरांपेक्षा कमी आजारी पडले. त्यानंतर हा उपाय सरसकट सुचवला जाऊ लागला. पण २०१३ मध्ये डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी नुकतेच जोडीदारापासून वेगळे झालेल्या लोकांवर हाच उपाय करून पाहिला. जे आधीच "असं का झालं" याचा सतत कीस काढत होते, त्यांना मनातलं ओतून लिहिण्याने फायदा तर झाला नाहीच, उलट सावरायला वेळ लागला. त्यांच्यातल्या ज्यांना फक्त दिवसभरात काय केलं एवढंच, भावनांना हात न लावता लिहायला सांगितलं होतं, ते जास्त बरे राहिले.

मागचा बाक, मंगळवारचा पूर्णविराम शोधणारी तुम्ही नक्कीच कीस काढणाऱ्यांपैकी आहात. मीही आहे. मी दोन वर्षं रोज पाच ओळी लिहिते. उठले किती वाजता, कुणाशी बोलले, खिडकीतून काय दिसलं. "का" हा शब्द वापरायचा नाही, एवढाच नियम. नियम मोडतो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा लागू होतो.

उंबरठ्यावर यांचा झाडांचा कोश वाचून वाटलं, ते वाचनात हेच करत होते.


उंबरठ्यावर
बुधवार, सकाळी ७:२०

@रोजनिशी, हो. हे मला आज तुमच्यामुळे कळलं.


मागचा बाक
बुधवार, रात्री १०:५०

सगळे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना निम्मे आत गेले नाहीत, दुसऱ्यांदा गेले. चष्मा, तुम्ही मागे जाण्याबद्दल लिहिलंत म्हणून दुसऱ्यांदा वाचताना लाज वाटली नाही.

थेट, राग आला होता, खोटं कशाला बोलू. दुपारपर्यंत टिकला. बऱ्याच दिवसांनी राग आला, त्यामुळे तोही थोडा आवडला. मेसेज डिलीट करणार नाही. बहिणीला विचारलंय, तिच्याकडे पाठवून माझ्याकडचे काढीन. ती हो म्हणाली आणि तिने एकही प्रश्न विचारला नाही.

निशाचर, ते दोन वाक्यांमधलं अंतर... मी माझे मेसेज पाठ आहेत म्हणते, पण आता शंका येतेय.

लंबक काका, एकेरीच लिहा. मी घड्याळाची गोष्ट वाचून बराच वेळ काही केलं नाही. एक कळलं. मला वाटत होतं तो गेल्यामुळे माझी वाचनाची लय गेली. पण जी गेली ती माझी नव्हतीच, मी ती ओढूनताणून जुळवत होते. माझी स्वतःची लय मी तो असतानाच सोडली होती, आणि त्याने तसं कधी मागितलंही नव्हतं. त्याच्याबद्दल वाईट वाटणं सोपं होतं. हे सोपं नाही. "झालं?" या मेसेजला "नाही, अजून बारा पानं आहेत, तू झोप" असं उत्तर मी एकदाही दिलं नाही. त्याने काय म्हटलं असतं? बहुतेक "बरं" म्हटलं असतं. बिनपूर्णविरामाचं.

काका, नऊ वाजता रेडिओचा आवाज कमी करत राहा.


थेट
गुरुवार, सकाळी ८:००

दुपारपर्यंत टिकला हे वाचून बरं वाटलं.

एक विचारतो. त्याच पुस्तकाने सुरुवात करायला हवी असं काही आहे का? मी असतो तर ते पुस्तक वर्षभर नजरेआड ठेवलं असतं.


अर्धविराम
गुरुवार, सकाळी ११:१५

मला उलट वाटतं. ११२ वर थांबलेलं पुस्तक नजरेआड ठेवलं तरी आपल्याला आकडा आठवतोच. पण पुढे वाचायची सक्ती कशाला? पहिल्या पानापासून वाचा. ११२ पर्यंत पोचलाच नाहीत तरी काय झालं.


मागचा बाक
शनिवार, रात्री ११:३० (दोन आठवड्यांनंतर)

धागा वर आणल्याबद्दल माफ करा, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मेसेज बहिणीकडे गेले. पहिले चार दिवस हात सारखा फोनकडे जायचा. आता कमी जातो. रोजनिशी, मी पाच ओळी लिहितेय. "का" एकदा आला, खोडला.

अर्धविराम यांनी सांगितलं तसं पुस्तक पहिल्या पानापासून घेतलं. पहिल्या रात्री चार पानं झाली, त्यांतलं एक दोनदा वाचावं लागलं. दुसऱ्या रात्री काहीच झालं नाही, दहा मिनिटं नुसतं उघडं धरून बसले. तिसऱ्या रात्री तीन. ओठ हलत होते, हलू दिले.

परवा तिसऱ्या प्रकरणात आले. तिथे जवळजवळ दीड पान असं आहे की ज्यात कुणी बोलतच नाही. एक म्हातारी खिडकीच्या फटीत कागद बसवतेय, वारा येऊ नये म्हणून. कागदाची घडी घालते, बोटाने दाबून दाबून फटीत सरकवते, हात लावून बघते वारा थांबला का. थांबलेला नसतो. काढते, आणखी एक घडी घालते. बस, एवढंच आहे त्या दीड पानात. कादंबरीत पुढे त्याचं काही होतं का, मला माहीत नाही.

हे पान मी पाहिलंही नव्हतं. अवतरणचिन्हं नाहीत, म्हणून गाळलं असणार. आणि मला लख्ख आठवलं, त्या रात्री फोनवर त्याने विचारलं होतं, "ती खिडकी वाचलीस?" मी म्हटलं होतं, "हो ना, किती सुंदर." तो थोडा वेळ गप्प होता. मला वाटलं होतं नेटवर्क गेलं.

ते दीड पान मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने.

११२ वरची खूण काढलेली नाही. एक दुसरी खूण केली आहे, ती आज पान ३८ वर आहे.


लंबक
रविवार, सकाळी ६:०५

पोच देतो. सकाळी सकाळी वाचलं. सावकाश वाचलं.